मुक्कामी गाडीचा तारा

त्या एका ठिपक्याने माझी दिवाळीची सुट्टी खाल्ली. अख्खं कॉलेज ओस पडलेलं, शिपाईसुद्धा गावी गेलेला, आणि मी जुन्नरच्या आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकटी बसून एका आलेखाला शिव्या घालत होते. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने. मी फरहा. या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, आणि मैत्रीखातर गेली पाच वर्षं एका ताऱ्याची हमाली करते.

तारा माझा नाही, नूतनचा. नूतन आमच्याकडे फिजिक्स शिकवते. मूळची पिंपळवंडीची, बोलायला गोड आणि हट्टाला पक्की. तिला सगळं आकाश सोडून आवडला तो एक मंद, बुटका, म्हातारा तारा. व्याधाच्या बराच खाली, दक्षिणेकडे. नुसत्या डोळ्यांना दिसायची बातच नको. खगोलवाल्यांची तऱ्हा अशी की हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्याला ते सरसकट धातू म्हणतात, अगदी आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनलासुद्धा. या ताऱ्यात असे धातू फार कमी. म्हणजे आकाशगंगेत लोखंडबिखंड फारसं तयार व्हायच्या आधीच हा जन्मला. मी त्याला ‘ॲनिमियावाले आजोबा’ म्हणते. नूतनला ते मुळीच आवडत नाही.

असे तारे आकाशात इतरांपेक्षा भराभर सरकतात. पण खरा वेग कळायचा तर तो किती लांब आहे हे आधी कळावं लागतं. अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीने कोट्यवधी तारे मोजून त्यांची यादी केली, आणि नेमकं नूतनच्या ताऱ्यापुढे अंतराच्या जागी काहीच नाही. कोरं. ती कोरी जागा भरायची, एवढाच नूतनचा ध्यास. लग्नाची स्थळं आली आणि गेली, बढतीच्या परीक्षा आल्या आणि गेल्या, बाई आपल्या ताऱ्यापाशी.

मोजायची रीत तशी सोपी आहे. घाटातून एसटी चालते तेव्हा खिडकीजवळची झाडं सर्रकन मागे जातात आणि लांबचे डोंगर जागचे हलत नाहीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ती आपली गाडी. सहा महिन्यांच्या अंतराने फोटो काढायचे आणि मागच्या लांबच्या ताऱ्यांच्या मानाने आपला तारा किती डुलला ते बघायचं. जास्त डुलला तर जवळ, कमी डुलला तर लांब. नूतनच्या ताऱ्याचे फोटो मार्च-एप्रिलात दिवस मावळल्यावर आणि ऑक्टोबरात उजाडायच्या आधी. मधल्या पावसाळ्यात घाटघरला धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, तिथे तारा कुठला?

हो, घाटघरला. जुन्नरात दिव्यांचा उजेड फार, म्हणून कॉलेजची दुर्बीण तिकडे नाणेघाटाच्या अलीकडे, सखूबाईंच्या खळ्यावर बसवली आहे. वर सरकणारं पत्र्याचं छप्पर आहे. नूतन संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने जायची. ही एसटी रात्री गावातच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन जुन्नरला येते, त्याच गाडीने ही परत. सकाळी लेक्चर असायचं ना! मी मात्र पाच वर्षांत तिथे एकदाही गेले नव्हते. मला घाटात गाडी लागते. नूतनने फोटो आणायचे आणि मी इथे बसून मोजमाप करायचं, अशी आमची वाटणी.

मोजमापाचं उत्तर पहिल्यापासून एकच येत होतं. तारा भरपूर डुलतोय. म्हणजे जवळ आहे. किती जवळ, तर आपल्या मागच्या गल्लीत राहतो म्हणावं इतका. नूतनचे पाय जमिनीवर राहिनात. जानेवारीत पुण्याला ताऱ्यांवर काम करणाऱ्यांचं संमेलन होतं, त्यासाठी तिने निबंधाचा सारांश पाठवलासुद्धा. त्या जातीचा सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, असा दावा.

आणि पुण्याचे तिचे मार्गदर्शक सर दरवेळी एकच विचारायचे, “इतका जवळ असेल तर इतका मंद कसा? तपासा.”

तपासा! या शब्दाची मला शिसारी आली होती. आम्ही काय तपासलं नाही? कॅमेरा तपासला. शेजारच्या खळ्यावर भात झोडतात त्याचे हादरे तपासले. मग नूतनने राबाच्या धुराला धरलं. घाटावरची माणसं पावसाआधी भाताच्या आणि नाचणीच्या रोपांची जागा भाजून घेतात. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं, त्याला राब म्हणतात. मार्चपासून सगळ्या डोंगरावर धूर. त्या धुरानेच आपला तारा सरकलेला दिसत असणार, असं नूतनने ठरवलं आणि सखूबाईंना गळ घातली. त्या माउलीने सलग दोन वर्षं आपला राब लांबवला, शेजारपाजाऱ्यांनाही लांबवायला लावला. आकाश स्वच्छ मिळालं. तारा डुलायचा तेवढाच डुलला.

तर तो ठिपका. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या एका पहाटेचा. ऑक्टोबरचे बाकी सगळे ठिपके पूर्वेकडे गुण्यागोविंदाने बसलेले, आणि हा एकटा मधल्या बाजूला फटकून. खराब म्हणावा, तर फोटो सगळ्यांत स्वच्छ.

तेवढ्यात नूतन आली. हातात फराळाचा डबा.

“अजून त्याच्याशीच भांडतेस? काढून टाक ना तो ठिपका. एक ठिपका काढायला किती दिवस?”

“का काढू? तोंड आवडलं नाही म्हणून?”

“बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून.”

“नूतन, मी मुलांना शिकवते ते काय शिकवते? जुळत नाही म्हणून काढायचं असेल तर मग मोजायचं कशाला? घरी बसून उत्तर लिहू. त्या दिवशी तू काय वेगळं केलंस ते सांग.”

“काही नाही गं. नेहमीसारखंच.”

“आठव.”

तिने चकली मोडली, अर्धी मला दिली. “काही नाही. त्या दिवशी गाडी चालूच होईना. गेणभाऊ कंडक्टर आणि ड्रायव्हर धक्का मारत बसले. मग मी परत खळ्यावर गेले आणि उजाडेपर्यंत फोटो काढत राहिले. आधीचे फोटो ढगात गेले होते, हेच चांगले आले.”

माझी चकली तोंडातच राहिली. मी प्रत्येक फोटोची वेळ उघडली. त्या वेळी तारा कुठे होता तो हिशेब मांडला. कुठलाही तारा पूर्वेला उगवतो, चढतो, चढाच्या टोकाला येतो आणि मग पश्चिमेला उतरतो. ऑक्टोबरच्या प्रत्येक पहाटे नूतनने तारा अजून चढत असताना, पूर्वेला असतानाच गाशा गुंडाळला होता. कारण गाडी सुटायची. आणि मार्च-एप्रिलात ती पोहोचून छप्पर सरकवेपर्यंत तारा टोक ओलांडून पश्चिमेला उतरायला लागलेला. कारण गाडी तेव्हाच पोहोचायची. पाच वर्षं. एकच दिवस तिने तारा चढाच्या टोकाला असताना पकडला होता, तो एसटी बंद पडली म्हणून.

“तारा कलता असताना हवा त्याचा उजेड वाकवून त्याला थोडा वर उचलते,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “निळ्या ताऱ्यांना जास्त उचलते, लालसर ताऱ्यांना कमी. हे तू शिकवतेस, फिजिक्स तुझं आहे. आपला तारा आजूबाजूच्या ताऱ्यांपेक्षा लालसर. म्हणजे तो पूर्वेला असताना बाकीचे वर उचलले जातात आणि हा पूर्वेकडे मागे राहतो. पश्चिमेला असताना पश्चिमेकडे मागे राहतो, आणि चढाच्या टोकाला असताना दोन्हीकडे नाही. तुझे ऑक्टोबरचे सगळे फोटो पूर्वेचे, मार्चचे सगळे पश्चिमेचे. तो तेवढा डुलतच नाहीये, नूतन. त्याला मुक्कामी गाडी डुलवतेय!”

नूतनने डब्याचं झाकण लावलं. मग उघडलं. मग परत लावलं.

“हे मला कळायला नको होतं का?” ती म्हणाली.

कळायला हवं होतं. तिलाही आणि मलाही. पण घाटघरला कधी जायचं हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारतच नाही. गाडी जाते तेव्हा जायचं, येते तेव्हा यायचं. दिवस कधी उगवतो याचा विचार करावा लागत नाही तसंच ते. मी एकदा जरी त्या गाडीत बसले असते तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण मला घाटात गाडी लागते! मला स्वतःचा इतका राग आला की मी उरलेल्या चकल्या एकटीने संपवल्या.

सगळंच पाण्यात गेलं नव्हतं. एका रात्री तारा पूर्वेला असल्यापासून पश्चिमेला जाईपर्यंत सतत फोटो काढले, तर हवा त्याला किती फसवते तो आकडा मिळतो. मग पाच वर्षांच्या प्रत्येक फोटोतून तेवढं वजा करता येतं. पण ती रात्र डिसेंबरात हवी, कारण तेव्हाच तारा एका रात्रीत उगवून मावळतो, आणि सकाळी गाडी सुटली तरी मागे राहायची तयारी हवी. प्राचार्यांनी परीक्षा आहे म्हणून रजा नाकारली. पहिल्या रविवारी ढग. दुसऱ्या रविवारी ढग आणि वर अवकाळीचा शिडकावा. शेवटी माझा भाऊ अमजद, जो नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची गाडी लावतो, त्याला मी आमच्या अम्मीची शपथ घातली.

“आपा, सकाळी मला मार्केट गाठायचं असतं. तुमच्या ताऱ्यापायी माझा माल सडायचा.”

“तारा तुझ्या मालाच्या आधीचा आहे. आणि सडलेला नाही.”

त्याने टेम्पो काढला. मी वाटेत दोनदा उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसून घाटघरच्या नावाने बोटं मोडली. पण ती रात्र मिळाली, पुरती, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत. सकाळी सखूबाईंनी चुलीवरचा कोरा चहा दिला. सत्तरीकडे झुकलेली, काटक, नूतनवर पोटच्या पोरीसारखा जीव लावणारी बाई.

“मंग घावला का दोष?” त्यांनी विचारलं.

“घावला,” नूतन म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. “धुराचा नव्हता, सखूआत्या. तुम्हाला उगाच थांबवलं. यंदा तुमचा राब वेळेवर भाजा. धुराचा काही एक दोष नाही.”

मी तेव्हा शेजारीच बसले होते. मी हे ऐकलं, आणि चहाचा घोट घेतला, आणि गप्प बसले. ते मला अजून टोचतं.

वजाबाकी झाली आणि तारा लांब गेला. मागच्या गल्लीतला शेजारी पार पलीकडच्या तालुक्यात. सगळ्यात जवळचा वगैरे काही नाही. त्याच्या जातीचे बरेच त्याच्याहून जवळ आहेत. पण मंद का, ते आता बरोबर जुळत होतं. नूतन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच त्याला ढकलून लांब नेला. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, “निदान त्या कोऱ्या जागेत खरा आकडा तरी जाईल.”

पुण्याला तिने उभं राहून सरळ सांगितलं, सारांशात लिहिलं ते चूक होतं. पडद्यावर एसटीचं वेळापत्रक दाखवलं. लोक हसले. हसण्यासारखं होतंच, माझी हरकत नाही. पण पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर करून विचारलं, “तुम्ही सरळ एखादी गाडी का नाही घेतली?”

मला वाटलं उठावं आणि त्यांना घाटघरच्या स्टँडवर नेऊन सोडावं. नूतन शांतपणे म्हणाली, “सर, गाडीनेच जात होतो.”

मार्गदर्शक सरांना दुरुस्ती पटली. तरी म्हणाले, “ऑक्टोबरातला एक फोटो तारा चढाच्या टोकाला असतानाचा आहे. मार्चमधला एकही नाही. तसा एक घ्या, तो या वजाबाकीशी जुळला तर छापू. तोवर आकडा देऊ नका.” पुन्हा तेच, तपासा. पण त्यांचं चुकत नव्हतं, आणि हेच जास्त चिडवणारं होतं.

होळी उलटली, चांदण्या रात्री सरल्या. त्या आठवड्यातच तारा अंधार पडता पडता चढाच्या टोकाला असतो. पुढे रोज थोडा थोडा पश्चिमेला घसरतो, मग वर्षभर वाट. शनिवारी नूतनने अर्धी रजा काढली. अमजदने आम्हाला दुपारीच निघून घाटघरला सोडलं. मी या वेळी एकदाच उतरले. दिवस मावळायच्या कितीतरी आधी आम्ही छप्पर सरकवून तयार. पाच वर्षांत पहिल्यांदा नूतन ताऱ्याच्या आधी हजर होती. ती खळ्यावर येरझाऱ्या घालत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती.

आणि मग वास आला.

आधी मला वाटलं कुणाची चूल. मग खळ्याच्या खालच्या अंगाला पांढरा लोट उठला, दाट, संथ. वारा पडलेला होता, त्यामुळे तो वर जाईना, दक्षिणेकडे आडवा पसरत गेला. दिवस बुडाला, व्याध लुकलुकायला लागला आणि बघता बघता तांबूस होऊन विझला. आमचा तारा तर त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

सखूबाई हातात लांब काठी घेऊन वर आल्या. कपाळावर राख, चेहरा खुशीत.

“आत्या,” नूतन म्हणाली, “राब आजच पेटवला?”

“आजच तर म्हूर्त व्हता! वारं बी पडल्यालं. तूच म्हनाली न्हवं, धुराचा काय बी दोष न्हाई म्हनून? दोन वरसं थांबले, रोपं उशिरा झाली, जाऊ बोल बोल बोलली. यंदा सगळ्यांना सांगितलं, आता कुनी थांबू नगा. उद्या त्यांचे बी पेटत्यात.”

म्हणजे आज नाही, उद्या नाही, या आठवड्यात नाही. धूर ताऱ्याला सरकवत नाही, हे आम्ही शोधून काढलं होतं. धूर ताऱ्याला झाकतो, हे सांगायचं राहिलं होतं. दोन पदवीधर बायका! मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं ते सापडेना.

सखूबाईंनी एकदा दुर्बिणीकडे पाहिलं, एकदा आमच्या तोंडांकडे. त्यांना उमगलं. काठी त्यांच्या हातातून जवळजवळ पडलीच.

“अगं बया! इझवू का? हंडाभर पानी हाये घरात, वतते. पोरी, इझवू का?”

अर्धा भाजलेला राब विझवला तर ती जागा वाया, फांद्या आणि शेण वाया, डोक्यावरून वाहून आणलेला सगळा पालापाचोळा वाया. हे नूतनला माहीत होतं. समोर तिची पाच वर्षं होती, आणि तो एकच फोटो. मी तिच्याकडे बघत होते. ती हो म्हणाली असती तर मी हंडा उचलायला गेले असते, हे मी कबूल करते.

“नको, आत्या,” ती म्हणाली. “दोन वर्षं तुम्ही थांबलात. जळू दे.”

मग ती खळ्यावर मांडी घालून बसली आणि रडली. गुपचूप वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. सखूबाई तिच्या पाठीवर राखेचे हात फिरवत राहिल्या आणि स्वतःलाच शिव्या देत राहिल्या. मी उगाच केबल तपासत होते. तारा चढाच्या टोकाला आला असेल आणि पुढे गेला असेल, धुराच्या पलीकडे, वक्तशीर.

बऱ्याच वेळाने वारं सुटलं. लोट वळला आणि दरीकडे निघाला. आधी व्याध दिसला, मग त्याखालचं आकाश एकेक तुकड्याने मोकळं झालं. मी स्क्रीनवर पाहिलं. तो होता. अंधुक, तांबूस, आणि पश्चिमेला उतरलेला.

“किती उतरलाय?” नूतनने नाक पुसत विचारलं.

“रोजच्याइतका.”

“मग रोजच्याइतकंच वजा कर. काढ फोटो.”

“सर म्हणतील, चढाच्या टोकाचा हवा होता.”

“म्हणू दे. पुढच्या वर्षी आत्यांना आधी विचारू.”

मी बटण दाबायला हात पुढे केला आणि खाली वळणावर दोन दिवे दिसले. गिअर बदलत, धापा टाकत मुक्कामी गाडी वर येत होती. खळ्याशेजारी ती थांबली. गेणभाऊ कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं आणि टॉर्च आमच्यावर मारला.

“आरं, मॅडम! आज आमच्या आधी आलात व्हय? मंग झालं का काम?”

“नाही, गेणभाऊ,” नूतन म्हणाली. “तुम्ही आलात, आता सुरू करतो. तेवढा टॉर्च बंद करा.”